माझ्या डोक्यापायी सुटलेला आत्याचा चहा

रायपूर,
चैत्र संपता संपता

तीर्थस्वरूप विनोदिनी आत्या,

रायपूरहून कृष्णाचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर माझं जे दिसतं त्याविषयीच हे पत्र आहे, म्हणून नमस्कार जरा जास्त वेळ करतो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाचायला मना केलं आहे, तेव्हा हे पत्र पद्मिनीवहिनी तुला वाचून दाखवत असणार. वहिनींना नमस्कार, आणि एक विनंती की कंसातला मजकूर जरा हळू वाचावा, कारण दुपारच्या वेळी तुमच्या ओसरीवर अर्धं पुलगाव टेकलेलं असतं. फोन सोडून पत्र का लिहितो म्हणशील, तर फोनवर तू मला दोनच प्रश्न विचारतेस. एक, ‘जेवला का?’ आणि दुसरा, ‘आले का?’ पहिल्याला मी हो म्हणतो, दुसऱ्याला गप्प बसतो, आणि तू फोन ठेवतेस. दिवाळीपासून आपलं संभाषण एवढंच झालं आहे.

झालेलं सगळं तुला ठाऊकच आहे, पण तू ते प्रत्येकाला निराळं सांगतेस. (मारोतीदादा सांगत होता की तुमच्या गल्लीत मला कुणी करणी केली असं ठरलं आहे.) म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. भाऊबीजेला तू आमच्याकडे होतीस. सकाळी मी खाली बसून स्कूटरचा प्लग पुसत होतो आणि तू वर गॅलरीत वाळवणाला ऊन दाखवत होतीस. वरून तुला माझं डोकं दिसलं, म्हणजे डोक्यावर जिथे केस हवे होते ती जागा दिसली, आणि तू हाक मारलीस, ‘अनंता.’ मी वर पाहिलं. अनंता म्हणजे अनंतराव, माझे बाबा, तुझे धाकटे भाऊ, जाऊन तेहतीस वर्षं झाली. तू वाळवण तसंच टाकून खाली आलीस. मग तुझा सिद्धांत बाहेर पडला. बाबांचेही केस आधी याच गोल जागेवरून गेले आणि मागोमाग पंचेचाळिशी गाठायच्या आत ते गेले. मी म्हणालो, आत्या, बाबा हार्टनं गेले, टकलानं कोणी जात नाही. तू म्हणालीस, ‘हार्ट तं आत राह्यते बापा. बाहेरून डोकंच सांगते.’

त्याच संध्याकाळी आपण पुरानी बस्तीत देवीला गेलो. मला वाटलं, माझ्या तब्येतीसाठी काही मागशील. तू भर गाभाऱ्यासमोर, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोललीस, ‘माय, या पोट्ट्याच्या डोक्यावर केस येत परेंत मी चहाचा थेंब तोंडात घेणार नाही. अन् आले का ते केस तुलेच वाहीन.’ (पोट्टा त्रेचाळीस वर्षांचा आहे. रांगेतले लोक पोट्टा शोधत होते.) मी तुला तिथेच हळू आवाजात म्हटलं की आत्या, केस आले की ते देवीला जाणार, म्हणजे मी पुन्हा आता आहे तिथेच, मग यात आपला फायदा काय? तू म्हणालीस, देवीशी फायद्याचं बोलत नसतात. पुजारीही ‘हव’ म्हणाले, म्हणजे हो. ज्योतीला इतकं हसू येत होतं की ती तोंडाला पदर लावून उगाच जास्तीच्या प्रदक्षिणा घालत राहिली, आणि तू मात्र पुजाऱ्यांना म्हणालीस, पाहा, नवऱ्यासाठी किती कळवळते.

आता तुझा चहा म्हणजे काय हे मी का सांगावं? आलं, गवती चहा, साखर सढळ, आणि पितळी पेला तोच. आजी गेली तेव्हा तू आधी चहा मागितलास आणि मग रडलीस, हे तूच सांगतेस. अशा बाईनं चहा सोडला. मला वाटलं, आठवडाभरात नवस आपोआप विरघळेल. मग मारोतीदादाचा फोन आला. घरात चहाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. दादा चहा प्यायला सायकल काढून स्टेशनावर जात होता. वहिनी नहाणीघरात कप घेऊन बसत होत्या आणि तू बाहेरून दाराला नाक लावून विचारत होतीस की आत कोण आहे. हे सगळं मी हसत ऐकलं. पण शेवटी दादा म्हणाला, चहाशिवाय आईच्या पोटात सकाळी पोळी जात नाही, दुपारपर्यंत उपाशी राहते, पोलकी सैल झाली आहेत, दोनदा चक्कर येऊन पडता पडता वाचली. तेव्हा मात्र मला भीती वाटली, आत्या. खरं सांगतो, टक्कल माझं होतं तोवर मला त्याचं काही नव्हतं. नव्या रायपुरातल्या आमच्या ऑफिसात निम्मी डोकी तशीच आहेत. पण माझ्या डोक्यापायी तुझ्या पोटात पोळी जाईना, म्हटल्यावर मी दवाखाना शोधला.

दवाखाना बाहेरून सगळा काचेचा. भिंतीवर एकाच माणसाचे दोन-दोन फोटो, ‘उपचाराआधी’ आणि ‘उपचारानंतर’. आधीचा माणूस बनियनवर आणि रडवेला, नंतरचा कोटात आणि हसतमुख. (कोटही तेच देतात का, हे विचारायचं राहून गेलं.) डॉक्टरीणबाई शर्मिष्ठा नावाच्या, फार समजूतदार. त्यांनी सांगितलं त्याचं सार असं की आपल्याच हाताचं थोडं रक्त काढायचं, एका यंत्रात गरगर फिरवायचं, म्हणजे लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं, ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसं. ते पाणी बारीक सुयांनी डोक्यात सोडायचं. तेच तोंडाला टोचलं तर चेहऱ्याची कांती उजळते. याला पीआरपी म्हणतात. मला ते पटलं. घरी येऊन मी ते तुला फोनवर सांगितलं, आणि तिथेच चुकलो.

तू मला ते सगळं दोनदा सांगायला लावलंस. मग म्हणालीस, ‘अरे, आपल्या घराण्याचं रक्तच टकलं हाये. तुया आजाले टक्कल, तुया बापाले टक्कल. ज्या रक्तानं केस खाल्ले तेच रक्त परत डोक्यात घालून राह्यला काय तू?’ दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा मुद्दा मांडला, तर आमच्या विभागातला एक इंजिनिअर चमचा हातात धरून विचारात पडला तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. तेवढ्यात तू तुझ्यापुरता निकाल लावून मोकळी झाली होतीस. माझ्याशी बोलून फोन ठेवलास तो थेट अभनपूरला माझ्या सासूबाईंना लावलास आणि त्यांच्या मुलाचं, म्हणजे विराजचं, रक्त माझ्यासाठी मागून घेतलंस.

विराजला तू लग्नात पाहिलं आहेस. त्याचे केस भुवयांच्या जरा वर सुरू होतात आणि मानेच्या खाली कुठे संपतात हे कोणी पाहिलेलं नाही. तो दुकानात शिरला की न्हावी आधी जेवून घेतो. तुझा फोन गेल्यावर सासूबाईंचं काय झालं, ते ज्योतीला विचार. मुलीकडच्यांकडे आजवर लोकांनी काय काय मागितलं, पण रक्त मागून असा मान कुणी दिला नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून विराजला बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि अळिवाचे लाडू चालू केले. अळीव बाळंतिणीला देतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते शेजारणीनं सांगितलं. त्याचा मला फोन आला, ‘जीजाजी, मैं डोनर हूँ कि जच्चा?’ (पोरगं मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतं. तुझी तक्रार रास्त आहे.)

ठरल्या दिवशी अभनपूरहून गाडी करून सगळे आले. सासूबाई विजयाबाई जरीच्या साडीत, हातात नारळ, डॉक्टरीणबाईंसाठी खण, आणि मधे विराज, अळीव खाऊन तुकतुकीत झालेला. रक्त फिरवायचं यंत्र त्यांनी आधी पाहायला मागितलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याला हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. काउंटरवरच्या मुलीनं तर हात जोडले. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि सगळा मामला ऐकून फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘माताजी, दूसरे का ख़ून नहीं चलता. ख़ुद का ही लगता है.’ सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे वळल्या. ‘जावईबापू, आमची पोट्टी चालली तुमाले. मंग आमच्या पोट्ट्याचं रक्त काहून चालून नाही राह्यलं?’ मी म्हणालो, मी कुठे नाही म्हणतो आहे, डॉक्टर म्हणतायत. त्या म्हणाल्या, डॉक्टर तुम्ही निवडली. ज्योती माझ्याकडे जशी पाहत होती तशी ती मी तिच्या माहेरच्या लग्नाला ताप काढून घरी राहिलो तेव्हाच पाहत होती. (ताप खरा होता, आत्या. आजही कोणी मानत नाही.)

शर्मिष्ठाबाईंना स्वतःलाही सासर असणार, कारण त्यांनी थोडा विचार केला आणि असा तोडगा काढला की कुणाचा मान जाऊ नये. सगळ्यांचं रक्त काढायचं, यंत्र एकदाच फिरवायचं आणि ज्याचं त्याला परत. म्हणजे विराजचं विराजच्या डोक्यात, माझं माझ्या डोक्यात, आणि यंत्र फिरतंच आहे तर ज्योतीचं तिच्या तोंडाला. सासूबाई स्वतः मात्र नको म्हणाल्या, त्यांच्या रक्तात साखर आहे, मुंग्या लागतील. विराजनं ‘पर मुझे क्यों?’ असं एकदा विचारलं, पण आईनं त्याच्याकडे पाहिल्यावर तो खुर्चीत जाऊन बसला. माझ्याविषयी सांगायचं तर डोक्यात सुया घेणं ही गोष्ट बाहेरून दिसते त्यापेक्षा आतून फार निराळी आहे. पहिल्या काही सुयांना मी देवाचं नाव घेतलं. ते पुरेना, तेव्हा मी प्रत्येक सुईला मनातल्या मनात ‘चहा’ म्हणू लागलो. मग सोसलं.

याचा पुढे काय काय परिणाम झाला तो क्रमानं ऐक. ज्योतीच्या चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशी लाल ठिपके उठले, आणि त्याच दिवशी समोरच्या देवश्रीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी तिला दारातच पाहिलं आणि ठरवलं की हिला माता आली आहे, म्हणजे कांजिण्या. संध्याकाळपर्यंत आमच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या टांगलेल्या. दूधवाला फाटकातून पिशवी आत भिरकावून पळे. भाजीवाली आमच्या घरासमोरून जाताना ओरडायची बंद होई. ठिपके गेले आणि खरोखर तिचा चेहरा असा उजळला की ती आता दर भांड्याच्या झाकणात स्वतःला पाहते. मागच्या रविवारी गोल बाज़ारात भांडीवाल्यानं तिला ‘दीदी’ म्हटलं आणि मला ‘बाबूजी, आप बैठ जाइए’ म्हणून स्टूल दिलं. मी बसलो, कारण ती तासभर झाकणंच निवडत होती.

विराजचं त्याहून भयंकर झालं. ज्याला गरज नव्हती त्याच्यावर औषध इतकं लागू पडलं की केस खाली उतरायला लागले. कपाळाची आता एक पट्टी राहिली आहे, टिळा लावायला जागा शोधावी लागते. त्याच्या ऑफिसात चेहरा पाहून हजेरी लावणारं यंत्र आहे, ते त्याला ओळखेना. रोज सकाळी तो केस दोन्ही हातांनी वर धरून यंत्रापुढे उभा राहतो आणि त्याच्या मागे रांग लागते. सासूबाईंनी मात्र अभनपूरभर सांगितलं आहे की पाहा, आमच्याकडचं रक्त कसं चालतं.

राहिलो मी. आत्या, मी गोल बाज़ारातून कंगवा विकत घेतला. तो मी खिशात ठेवतो. आणि चैत्रातल्या नवरात्रात मी आणि ज्योती पुरानी बस्तीत गेलो, देवीसमोर नारळ फोडला आणि तू बोललीस त्याप्रमाणे माझ्या डोक्यावरचे केस देवीला वाहिले. सोबत फोटो पाठवला आहे, डोकं पूर्ण गुळगुळीत, मागे वस्तरा घेतलेला माणूस तो न्हावी. (घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. इथे मात्र घोटाळा झालाच. माझं मुंडण पाहून आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक एकेक करून भेटायला आले, चपला बाहेर काढून खाली मान घालून बसले, ‘कब हुआ भैया?’ विचारत राहिले. मी काही सांगायच्या आत ज्योतीनं त्यांना चहा दिला. ते प्यायले, डोळे पुसले आणि गेले. कोण गेलं हे त्यांना अजून ठाऊक नाही, पण त्यांनी दुखवटा पाळला.)

नवस तू बोललीस, फेडला मी, कारण डोकं माझं होतं. ज्याला तू लहानपणी दर रविवारी मांडीत धरून तेल चोळलंस तेच हे डोकं. बाबा गेल्यावर तू मला पुलगावला नेलंस, तेव्हा पहिल्या रात्री मला झोप येईना म्हणून तू तुझ्या पेल्यातला चहा मला बशीत ओतून दिला होतास. ती बशी मला अजून आठवते. असो. घरात सर्वांना माझा नमस्कार, दादाला म्हणावं सायकल आता ठेवून दे.

तुझा,
कृष्णा

ता. क. पद्मिनीवहिनी, इथे वाचणं थांबवा आणि आत जाऊन चहा ठेवा. आलं ठेचून घाला, गवती चहा परसातला ताजा काढा, साखर आत्याच्या हिशोबानं. पेला तोच पितळी. तो तिच्या हातात द्या, तिनं पहिला घोट घेतला की मगच पुढचं वाचा. आत्या, ज्या अर्थी केस वाहिले त्या अर्थी केस होते. नसलेली वस्तू देवीला कोण वाहील? नवस फिटला. तू चहा घे. हे सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. (वहिनी, हे फक्त तुमच्यासाठी, मनातल्या मनात वाचा.) एकही नवा केस आलेला नाही. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, आहेत ते टिकले तरी उपचार यशस्वी समजायचा. त्यावर मी कंगवा घेतला. दुकानदारानं आधी कंगव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, ‘किसके लिए?’ देवळाबाहेरच्या न्हाव्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, ‘एमा का काटंव भैया?’ यात काय कापू, असं. मी म्हटलं, जे असेल ते काप. कानामागची झालर तेवढी होती, ती मी इतकी वर्षं जपली होती आणि तिचं मला वाईट वाटलं. मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहून आधी त्यावर काय होतं हे कुणाला सांगता येत नाही, एवढाच माझा आधार. घरी येऊन आरशात पाहिलं तर समोर बाबा उभे. म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन हार्टची सगळी तपासणी करून घेतली. हार्ट ठणठणीत आहे. आत्याला ते तुमच्या तोंडून कधीतरी सहज सांगा, मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल.

आणि शेवटचं, आत्या. वहिनींनी मनातल्या मनात काही वाचल्याचं मला त्यांच्या लग्नापासून आठवत नाही, तेव्हा वरचं सगळं तू ऐकलंस, आणि ओसरीनंही ऐकलं. पण एव्हाना पेला अर्धा झाला असणार. नवस घोटभर मोडला काय आणि पेलाभर मोडला काय, देवीला सारखाच. माझ्याजवळ होते ते सगळे केस मी तिला दिले आहेत, ती समजून घेईल. उरलेला चहा थंड करू नको. तो संपवून मग मला शिव्या द्यायला फोन कर, आणि या वेळी फक्त ‘जेवला का?’ एवढंच विचार.